वरची ओळ

लोक म्हणतात, अमुक साली बाईंचा कार्यक्रम काय झाला होता, अजून डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्या डोळ्यांपुढून बाईची पाठ हलत नाही. एकोणीस वर्षं मी तिच्या गायन पार्टीत आहे आणि एकोणीस वर्षं तिच्या मागं बसलेली आहे. जयंतीचे कार्यक्रम, विहाराची उद्घाटनं, कोणाच्या घरचं नामकरण, कोणाच्या वडिलांची पुण्यतिथी. जे कार्यक्रम लोक नावाजतात ते सगळे मी मागून पाहिले. पांढऱ्या पोलक्यावर घामाचा डाग आधी खांद्यांच्या मधे पडतो, मग खाली सरकतो. तो कमरेला पोचला की दोन गाणी उरली असं समजायचं. गाण्यातलं माझं ज्ञान एवढं.

पुढं बसणाऱ्यांना डाग दिसत नाही. त्यांना साधना दिसते. हा शब्द आमच्या भागात फार माजला आहे. ज्याला एक गाणं मोबाइल न काढता ऐकता येत नाही, तो माईक हातात आला की पहिला शब्द साधना म्हणतो. आमच्याकडं एक निवृत्त मास्तर आहेत. पिंपळगाव राजापासून खामगावपर्यंत कुठंही बाईचा कार्यक्रम असला की ते पहिल्या रांगेत असतात. डोळे मिटून घेतात, एक हात वर धरतात आणि गाण्यातली जागा यायच्या आधीच मान हलवतात. शेजारच्याला समजावून सांगतात. शेजारच्याला गाणं ऐकू येत नाही, मास्तर ऐकू येतात.

या मास्तरांनी एकदा मला बाजूला बोलावून सांगितलं, "बाईंकडून काहीतरी शिका. इतकी वर्षं मागं बसता, नुसत्या टाळ्या काय पिटता?"

मी मान खाली घातली. मी नेहमी तेच करते. चौथीपर्यंत शाळेत गेले, तेव्हा गुरुजी हजेरी घेताना बाकीची पोरं ओरडून हजर म्हणत. मी हात वर करायची. गुरुजी वहीत बघत असायचे, त्यांना हात कसा दिसणार? निम्मं वर्ष मी शाळेत बसून गैरहजर होते.

पार्टीत आले ती सुद्धा तोंडामुळं नाही. बाई आमच्याच गल्लीतली. एक दिवस ओट्यावर येऊन सासूला म्हणाली, "तुह्यी सून दे मले. टाळीले मानूस कमी पडून राह्यलं."

सासू म्हणाली, "ते तोंड उघडत नाही वो बाई."

"मले तोंड नाही पाह्यजे. हात पाह्यजे."

म्हणून मी गेले. बाईच्या डाव्या खांद्यामागं बसायचं, पदर तोंडावर घ्यायचा, टाळी धरायची आणि धृपद आलं की चार जणींत आवाज मिसळून द्यायचा. चार जणींत कोण काय म्हणतं ते कोणाला कळत नाही. मला तेच बरं वाटलं.

आता बाईविषयी सांगते. ती आज चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिचा सगळा मान एका गोष्टीवर उभा होता. ती काळी चारमध्ये गायची. म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी सूर म्हणून धरायची आणि गाणं तिथून वर न्यायचं. बाईमाणसाला जवानीत ते जमतं, पुढं वय झालं की गाणारे एकेक पट्टी खाली येतात. बाई आली नाही. जो आला त्याला ती सोडत नव्हती. तिच्याच वयाचा एक गायक आजारातून उठून खालच्या पट्टीत गायला, तर भर मांडवात त्याला म्हणाली, "काऊन भाऊ, पेटीची वरली बाजू इकली काय?" लोक हसले. तो माणूस बाई ज्या कार्यक्रमाला असेल तिथं पुन्हा आला नाही. मला तेव्हाच वाटलं होतं, हे बोलणं बाईला एक दिवस जड जाईल. पण मला पुष्कळ वाटतं. ते मी कोणाला सांगत नाही.

लोक तिच्याकडं एक गाणं हमखास मागतात. तिच्या वडिलांनी रचलेलं आहे. ते खामगावात जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत होते. विहिरीच्या काठावर रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या आईचं गाणं. दोन कडवी खालच्या खाली चालतात, आई उभी आहे, ऊन चढतं, वरच्या आळीचे लोक पाणी भरून जातात. मग तिसऱ्या कडव्याच्या शेवटी सूर एकदम वर जातो, "कोणाच्या बापाचं हाय हे पाणी?" आणि पाणी या शब्दावर थांबायचं, दम पुरेल तेवढं. ही ओळ आली की मांडव उठतो. शिट्ट्या होतात. बाया पदर डोळ्याला लावतात. मास्तरांचा हात वर असतो.

सहा वर्षांपूर्वी रोहिणखेडला दुपारचा कार्यक्रम होता. बाईला आठ दिवसांपासून खोकला होता. नको म्हणाली असती तर काही बिघडत नव्हतं, पण ती नको म्हणणाऱ्यातली नाही. तिसरं कडवं आलं. बाईनं डावा हात वर केला, मान मागं टाकली, तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. मला ते तिच्या पाठीवरून कळलं. आवाज निघताना तिची पाठ ताठ होते, तशी झाली नाही.

मी विचार केला असता तर गप्प राहिले असते. विचार करायला वेळ नव्हता. माझ्या तोंडून ती ओळ गेली. पदर तोंडावर तसाच होता, कोरसचा माईक माझ्यापुढं होता. पाणी या शब्दावर मी थांबले. बाईचं तोंड उघडं, हात वर, डोळे मिटलेले. मांडव उठला. मास्तर उभे राहून ओरडले, "अडुसष्ट वर्षांच्या गळ्यात हा सूर! वा!"

कार्यक्रम संपल्यावर बाई काही बोलली नाही. जेवताना माझ्याकडं बघितलंही नाही. पण पुढच्या कार्यक्रमात बसताना तिनं कोरसचा माईक स्वतः सरकवून माझ्या तोंडापुढं आणला आणि ते गाणं आलं तेव्हा तिसऱ्या कडव्याला हात वर करून मान मागं टाकली. म्हणजे मी समजायचं होतं. मी समजले.

तेव्हापासून सहा वर्षं असंच चाललं. आमच्यात त्यावर एक शब्द झाला नाही. पेटी वाजवणारे काका एका कानानं बहिरे आहेत, त्यांना दुसऱ्या कानानं कळलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. ढोलकीवाल्याला माहीत होतं, तो त्या ओळीला माझ्याकडं बघून हसायचा. बाकी जगाला काही पत्ता नव्हता. रेडिओवरून एक जण येऊन ध्वनिमुद्रण करून गेला. तो म्हणाला, वरच्या सुरात बाईंचा आवाज उलट कोवळा होतो, हे फार दुर्मीळ आहे. मी त्याला चहा दिला.

मी बाईवर जळत होते का? हो, जळत होते. पण ओळ सोडायला तयार नव्हते. दिवसभर मी सोयाबीन सोंगते, कापूस वेचते, घरी दोन वाक्यं बोलते. ती ओळ म्हणायला सावकाश दहा मोजायला लागतो तेवढा वेळ लागतो. तेवढा वेळ मी जिकडं तिकडं असायची, मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत. त्याच्यासाठी मी बाकीचे तीन तास टाळ्या वाजवायची. हे उघड झालं तर बाईचं नाव जाणार आणि माझी ओळ जाणार, हे दोघींना माहीत होतं. म्हणून दोघी गप्प.

तिच्या मेहनतीला मी नावं ठेवणार नाही, ठेवावीशी वाटली तरी. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी भात बंद, दही बंद, लोणचं बंद. गुडघ्यांना निरगुडीचा पाला बांधून ती ओट्यावर मांडी घालते आणि तीन तास मोडत नाही. खुर्ची दिली तर म्हणते, "बसून गानं म्हनतात, टांगून नाही." टाळी चुकली की हातातला पुठ्ठ्याचा पंखा माझ्या बोटांवर बसतो. चांगलं झालं असं तिनं एकोणीस वर्षांत मला एकदाही म्हटलं नाही. गाडीत खिडकी तिची, ताटात पहिली भाकर तिची. आणि तालमीत ते गाणं तिसऱ्या कडव्यापर्यंत आलं की ती हात करून थांबवायची. "हां, पुढचं येतेच." त्या ओळीची तालीम सहा वर्षांत एकदा झाली नाही.

मागच्या उन्हाळ्यात खामगावहून दोघं जण मोटारीनं आले. समितीचे होते. एक अध्यक्ष, एक सूत्रसंचालक. सूत्रसंचालक घरात बोलतानाही माईकमध्ये बोलल्यासारखं बोलत होता.

अध्यक्ष म्हणाला, "बाई, तुमाले जीवनगौरव द्यायचं ठरलं."

"काऊन? संपलं काय माह्यं जीवन?"

"तसं नाही बाई, सन्मान हाय थो."

"गाऊ किती देसान?"

"एक गानं त पाह्यजेच. पान्याचं. काळी चारमधी. लोकाइले तेच पाह्यजे."

"आन पार्टी?"

"आना ना पार्टी. जेवन सगळ्याइलेच हाय."

बाईनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी चहाचे कप उचलत होते. "बरं," म्हणाली.

मंगल कार्यालयाच्या दारात मोठा फ्लेक्स होता. त्यावर बाईचा फोटो इतका गोरा केला होता की मला आधी वाटलं दुसऱ्याच कोणाचा कार्यक्रम आहे. तिच्याभोवती समितीचे चौदा जण होते, प्रत्येकाचं तोंड बाईच्या तोंडापेक्षा मोठं. खाली बारीक अक्षरात 'आणि संच' लिहिलं होतं. ते आम्ही.

स्टेजवर गेलो तर बसायला जागा नव्हती. मान्यवरांच्या दोन रांगा लागल्या होत्या आणि आणखी मान्यवर येत होते. आमच्याकडं मान्यवर आधी बसतात, मग जागा उरली तर कलाकार. या वेळी उरली नाही. बाईसाठी मात्र स्टेजच्या अगदी पुढं लग्नातल्या नवरा-नवरीची लाल मखमली खुर्ची मांडली होती, हातांवर सोनेरी सिंह. बाईला तिच्यात बसवलं तर तिचे पाय जमिनीला टेकेनात. तिनं खाली बसते म्हणून हट्ट केला, तर अध्यक्ष म्हणाला, "आज तुम्ही खाली नाही बाई, आज तुम्ही वर." लोकांनी टाळ्या वाजवल्या. असल्या वाक्यांना टाळ्या वाजवणारे लोक कुठून आणतात कोण जाणे.

आमची दरी, म्हणजे सतरंजी, स्टेजच्या खाली कोपऱ्यात टाकली होती, कूलरच्या शेजारी. कूलर मोठा, बैलगाडीएवढा, आणि त्याचा आवाजही तसाच. सरळ बसलं तर आम्हाला बाईचे हवेत लटकलेले पाय तेवढे दिसत होते, बाकीची बाई मान ताणून कूलरच्या कडेनं बघायची. पहिल्यांदाच मी तिच्या मागं नव्हते.

तरी माईक होता. पेटीच्या आत बसवलेला सोडला तर आमच्या दरीवर एक माईक ठेवला होता आणि तो मी माझ्याकडं ओढून घेतला होता. मग सूत्रसंचालकाचा माईक खरखर करायला लागला. तो खाली उतरून माझ्यापाशी आला आणि माईकला हात घातला.

"ताई, हा नेतो. टाळीले कायले लागते माईक?"

मला एक वाक्य बोलायचं होतं. लागते, एवढा एक शब्द पुरला असता. काका माझ्याकडं बहिरा कान करून बसले होते. ढोलकीवाला पाणी प्यायला गेला होता. मी माईकवरचा हात काढून घेतला. त्यानं नेला. मी हजेरीच्या वहीत पुन्हा एकदा गैरहजर लागले, आणि या वेळी वही बाईची होती.

त्यानंतर सत्कार सुरू झाला. आधी मान्यवरांनी मान्यवरांचा केला. कोणी कोणाला शाल घातली ते लक्षात ठेवायला एक माणूस कागद घेऊन उभा होता, कारण शाल घालणारा राहून गेला तर रुसतो. भर उन्हाळा, पत्र्याचं छत, आणि बाईच्या अंगावर एकावर एक शाली. शाल काढून ठेवायची नाही, ठेवली तर घालणाऱ्याचा अपमान. मी नऊपर्यंत मोजल्या. नारळ पायापाशी ठेवत गेले. अडीच तास भाषणं झाली. प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायची होती. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, काळी चार, आवाज तसूभर उतरला नाही. एकानं तर सांगितलं, की आम्ही तरुणांनी हा आदर्श घ्यावा. तो पन्नाशीचा होता. बाई गार पाणी घेत नाही म्हणून तिनं अडीच तासांत पाण्याला हात लावला नाही. मधूनमधून वाकून खाली बघायची. ती आम्हाला शोधत होती. कूलर मधे येत होता.

शेवटी तिच्या हातात माईक दिला. काकांनी खालून काळी चार धरली. बाईनं गाणं सुरू केलं.

त्या अवस्थेत तिनं दोन कडवी कशी म्हटली ते मला माहीत नाही. म्हटली. ऊन चढलं, आई उभी राहिली, वरच्या आळीचे लोक पाणी भरून गेले. तिसऱ्या कडव्याला सभागृह पुढं सरकलं. मोबाइल वर झाले. बाईनं डावा हात वर केला, मान मागं टाकली, तोंड उघडलं.

मी म्हटली. शपथेवर सांगते, मी जेवढा होता तेवढा जीव काढून म्हटली. ती माझ्या शेजारच्या टाळीवालीनं ऐकली, ढोलकीवाल्यानं ऐकली आणि कूलरनं ऐकली. सभागृहात पेटी वाजत होती आणि उघड्या तोंडाची एक म्हातारी लाल खुर्चीत हात वर करून बसली होती. मास्तर पहिल्या रांगेत होते. त्यांची मान आधीच हलून चुकली होती. हात वरच राहिला.

"माईक! माईक!" मागून आरडाओरडा झाला.

सूत्रसंचालक माझ्या माईकवरून म्हणाला, "क्षमस्व, थोडी तांत्रिक अडचण. साऊंडवाले भाऊ, जरा लक्ष द्या. बाईंचा सूर वर गेला होता, आपल्यापर्यंत पोहोचला नाही!"

टाळ्या पडल्या. सगळे मानायला तयार होते. बाईनं हसून नमस्कार केला असता तर ती आजही काळी चारची बाई असती, आणि मी आजही तिच्या मागं पदराआड म्हणत असते. मी मनात म्हणत होते, कर नमस्कार, कर.

बाईनं माईकवर बोटानं टकटक केलं. सगळ्या सभागृहात टकटक ऐकू आली.

"माईक चांगला हाय," ती म्हणाली. "माह्या गळा नाही पोचत तठी. सहा वर्ष झाले."

कोणाला काही समजलं नाही. एका मान्यवरानं सवयीनं टाळी वाजवली आणि एकटाच वाजवतोय हे कळल्यावर हात मांडीवर ठेवले.

मग बाईनं शाली काढल्या. घडी न करता खुर्चीवर टाकल्या. उतरायला लागली तर दोघं धावले, त्यांना तिनं बाजूला केलं. स्टेजच्या पायऱ्या बसून उतरली, एकेक, लहान लेकरू उतरतं तशी. आमच्या दरीवर येऊन तिनं मांडी घातली, बरोबर माझ्यापुढं. पोलकं भिजून अंगाला चिकटलं होतं. मला परत तिची पाठ दिसायला लागली.

"बंद करा रे थे कूलर," म्हणाली. तो बंद झाला. "भाऊजी, काळी दोन."

काकांनी बहिरा कान पुढं केला. "काय?"

"काळी दोन!"

हे सगळ्या सभागृहानं ऐकलं. ज्या माणसाला तिनं पेटीची वरची बाजू विकली का म्हणून विचारलं होतं, तो तिथं असता तर त्यालाही ऐकू गेलं असतं.

तिनं गाणं पहिल्यापासून म्हटलं. खालच्या पट्टीत तिचा आवाज जाड झाला होता, थोडा खरखरीत. तिसऱ्या कडव्याला तिनं हात वर केला नाही, मानही मागं टाकली नाही. ती ओळ आली आणि तिची पाठ ताठ झाली. सहा वर्षांनी ती ओळ मी तिच्या तोंडून ऐकली. मला हे लिहायला आवडत नाही, पण तिनं चांगली म्हटली. ऐकायला निम्मेच लोक होते. बाजूच्या हॉलमध्ये जेवणं सुरू झाली होती, तिकडं पुऱ्या गरम होत्या.

मी टाळी वाजवली. चुकली नाही.

परत येताना ऑटोत बाई खिडकीशी, मी शेजारी, नारळांचं पोतं पायांत. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "माईक काऊन देल्ला त्याले?"

"त्यानं मागितला."

"तुह्या तोंडात काय होतं? सुपारी होती?"

मी पोतं पायानं आत सरकवलं.

"सहा वर्ष झाले व पोरी. एक डाव म्हनली नाही, का थे ओळ मी म्हनतो म्हून."

"तुम्ही तरी कुठं म्हटलं," मी म्हणाले. एकोणीस वर्षांत तिला उलटं बोललेलं हे माझं पहिलं वाक्य.

काका पुढून म्हणाले, "काय म्हनते थे?"

"काही नाही," बाई म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत, "हाव. म्यायी नाही म्हनलं." आणि उतरताना, "आता पुढं बसजो. माह्या बरोबरीनं. नाही बसली त थे ओळ तशीच राहीन."

मी बसले नाही. मला वाटलं बोलण्यात बोलली असेल.

गावोगावच्या लोकांनी आठ दिवसांत आपलं मत बदललं. जे आवाज तसूभर उतरला नाही म्हणत होते तेच म्हणायला लागले, आम्हाला आधीपासून शंका होती. कोणी म्हणे बाईचं संपलं. कोणी म्हणे म्हाताऱ्या माणसानं केव्हा थांबावं ते कळायला पाहिजे. हे सांगणारे ओट्यावर बसून दिवसभर थांबलेलेच असतात.

पण बोलावणी आली. पहिलं पिंपळगाव राजाचं. तिथं बसताना बाईनं आपल्या डाव्या बाजूला एक आसन टाकायला लावलं आणि त्याच्यापुढं एक माईक. संयोजकानं विचारलं, "बाई, इथं कोन बसनार हाय?"

"येनार हाय एक जन."

मी नेहमीच्या जागी मागं बसले. गाणं काळी दोनमध्ये सुरू झालं. तिसरं कडवं आलं आणि ओळीपाशी येऊन बाईनं तोंड बंद केलं. आता तिचा गळा तिथं पोचत होता, खामगावला मी स्वतः ऐकलं होतं. तरी बंद केलं. काकांनी नुसती पेटीवर ओळ वाजवली. तेवढा वेळ मांडव चिडीचूप. माझा दम सवयीनं भरून आला होता. मी तो हळूच सोडला आणि टाळी धरली.

मला वाटलं लोक ओरडतील. झालं उलटंच. मास्तर उभे राहिले, डोळ्यांत पाणी. "काय जागा सोडली! पाणीच नाही, म्हणून शब्दही नाही! याला म्हणतात साधना!" टाळ्यांचा कडकडाट. मास्तरांनी बाजूच्यांना ते नीट समजावून सांगितलं, मग त्या बाजूच्यांनी त्यांच्या बाजूच्यांना.

असं तीन कार्यक्रमांत झालं. प्रत्येक ठिकाणी रिकामं आसन, रिकामा माईक, रिकामी ओळ आणि त्या रिकाम्यावर वाहवा. मोबाइलवर त्या गप्प राहण्याची रील फिरते आहे. मोताळ्याकडची एक तरुण पोरगी तेच गाणं म्हणते, तिचा गळा चांगला वर जातो, पण ती सुद्धा आता त्या ओळीला हात जोडून गप्प बसायला लागली आहे. असंच चाललं तर पाच वर्षांत कोणाला ती ओळ माहीतही राहणार नाही. बाईच्या बापानं गाठी उचलता उचलता रचलेली ओळ, आणि हे लोक तिच्या नसण्याला मान डोलावतात.

बाईला सगळं दिसत होतं. ती हट्टी आहे. मी तिच्याहून कमी नाही, फक्त माझा हट्ट कोणाला ऐकू येत नाही.

परवा ओट्यावर तालीम होती. रोहिणखेडचा कार्यक्रम जवळ आला आहे. गाणं तिसऱ्या कडव्यापर्यंत आलं आणि बाईनं हात करून थांबवलं. मी म्हणाले, "त्या मास्तरांचं तोंड बंद व्हावं म्हणून फक्त."

"काय?"

"मी बसते पुढं. फक्त त्याच्यासाठी."

गुडघ्यांना हात लावत, कण्हत, बाई जागच्या जागी फिरून माझ्याकडं तोंड करून बसली. एकोणीस वर्षांत गाताना तिचं तोंड मी कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. वरच्या ओठावर एक जुना व्रण आहे, तो मला माहीतच नव्हता. तिनं हात पुढं करून माझ्या तोंडावरचा पदर खाली ओढला.

"म्हन."

मी म्हटली. गल्लीतून जाणारी शेळीवाली थांबली. काकांनी चांगला कान माझ्याकडं केला. पाणी या शब्दावर मी दम संपेपर्यंत थांबले.

बाईनं पुठ्ठ्याचा पंखा उचलून माझ्या बोटांवर मारला.

"पान्यावर उतरून राह्यली तू," म्हणाली. "सहा वर्षांपासून उतरते. पुन्हा म्हन."

सहा वर्षं मांडव उठत होते, मास्तर रडत होते, रेडिओवाला दुर्मीळ म्हणून गेला होता. त्यांच्यातल्या एकालाही तो उतरलेला सूर ऐकू आला नव्हता.

मी पुन्हा म्हटली. पंखा पुन्हा बसला. ऊन ओट्यावरून उतरेपर्यंत ती ओळ आम्ही अकरा वेळा म्हटली, आणि अकराव्या वेळी बाईनं पंखा खाली ठेवला. चांगलं झालं असं काही ती म्हणाली नाही.